असंल आणि असावं

इंग्रजी कुठल्या शिकवणीत शिकलात, असं कोणी विचारलं की मी सोनेरी महालाचं नाव सांगतो. लोकांना ती थट्टा वाटते. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, सतराव्या शतकात बुंदेलखंडाच्या एका सरदारानं बांधलेली ही वास्तू आहे. आत एकेकाळी सोनेरी रंगाची चित्रं होती, म्हणून हे नाव. आता तिथं राज्य पुरातत्त्व विभागाचं वस्तुसंग्रहालय आहे. माझं इंग्रजी तिथलं. आणि ज्यांच्यामुळे ते आलं, त्या मामांना इंग्रजीतलं अक्षर वाचता येत नव्हतं.

साल 2010. कन्नड तालुक्यातल्या मराठी शाळेतून निघून मी इतिहासाच्या एम. ए.ला आलो होतो. संदर्भाची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. पान उघडलं की डोळ्यांपुढे काजवे. खोलीवरच्या मित्रानं नेट कॅफेतून बीबीसी रेडिओची एक मालिका माझ्या मेमरी कार्डात भरून दिली: ‘अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन 100 ऑब्जेक्ट्स’. ब्रिटिश म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर आपल्या संग्रहातली एकेक वस्तू घेऊन 15 मिनिटांत तिची गोष्ट सांगत. कार्यक्रम वस्तूंचा आणि माध्यम रेडिओ! ऐकणाऱ्याला दिसत काहीच नाही, म्हणून सगळं शब्दांनीच दाखवावं लागे. टांझानियातल्या ओल्डुवाई इथं सापडलेल्या दगडी हत्याराचा भाग मी इतक्यांदा ऐकला की खोलीतल्यांनी हात टेकले. 18 ते 20 लाख वर्षांपूर्वी कुणीतरी कपचे उडवून धार काढलेला गोटा. पहिल्या वेळी मला फक्त आकडे कळले. मग ‘स्टोन’ कळला, मग ‘एज’. आमच्या बांधावरचे धोंडे आठवले आणि वाक्याला वाट फुटली.

पण ऐकलेलं बोलायचं कुणाशी? रविवारी मी सोनेरी महालात जायचो आणि काचेच्या कपाटांपुढं उभा राहून पुटपुटायचो. एकदा पाठीमागून आवाज आला.

“इंग्रजी येतं वाटतं?”

स्टुलावर बसलेले राखणदार मामा. “शिकतोय, मामा.”

“मग एक सांग. मराठीत एवढंच लिवलंय. इंग्रजीत तेवढंच हाय, का काही जास्तीचं?”

त्या प्रश्नानं आमची शिकवणी सुरू झाली. दर रविवारी एक कपाट. मी इंग्रजी पाटी वाचून अर्थ सांगायचा, मामांनी तो मराठी पाटीशी ताडून बघायचा. नुसत्या अर्थावर त्यांचं समाधान व्हायचं नाही. “कुनी केलं? कशावरून?” मी अडकायचो, कारण पाटीत करणारा नसायचाच. शाळेत घोकूनही न कळलेला कर्मणी प्रयोग मला अशा रीतीनं एका खापरानं शिकवला. खापर बिचारं स्वतः काय करणार? ते घडवलं जातं, भाजलं जातं, गाडलं जातं, शोधलं जातं. ‘वॉज मेड, वॉज बरीड, वॉज फाउंड.’

खरी परीक्षा पुढं होती. ‘मे हॅव बीन’ आणि ‘मस्ट हॅव बीन’ या दोन्हींना मी सरसकट ‘असेल’ म्हणून मोकळा व्हायचो. मामांनी पकडलं.

“नीट सांग. असंल, का असावं?”

“फरक काय मामा त्यात?”

“दारात चप्पल नाही, तर मानूस भाईर गेला असंल. चप्पल नाही, काठी नाही, दाराला कुलूप, तर भाईर गेला असावा. पुरावा वाढला की शब्द बदलतो, लेका.”

त्या रात्री कानाला मोबाइल लावला, तेव्हा मॅकग्रेगर मला वेगळेच ऐकू आले. जे ठाऊक आहे ते ठाम आवाजात, आणि जे अंदाजानं आहे तिथं आधी ‘परहॅप्स’ नाहीतर ‘प्रॉबब्ली’. इतके दिवस हे शब्द मला भरतीचे वाटत होते. वाक्याचा सगळा भार त्यांच्यावरच होता.

वर्षभरानं मी एका हस्तिदंती मूर्तीच्या फोटोची प्रिंट काढून मामांकडे नेली. 1938 साली इटलीत, पाँपेईत सापडलेली ही मूर्ती. इ. स. 79मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडली गेलेली, आता नेपल्सच्या संग्रहालयात. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. डोक्यातल्या भोकावरून ती आरशाची मूठही असू शकेल.

“आपल्याकडून गेली असंल,” मामा म्हणाले.

मी सांगितलं, अशाच हस्तिदंती मूर्ती तेरला आणि भोकरदनला सापडल्यात. मामांची सासुरवाडी भोकरदनची. ते ताठ बसले. “मग ‘असावी’ म्हन!”

“पण मामा, तिच्या पायाशी खरोष्ठी अक्षर आहे. ती लिपी वायव्येकडची.”

मामांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. सासुरवाडीचा मान एकीकडे, पुरावा एकीकडे. शेवटी फोटो माझ्या हातात देत म्हणाले, “मग परत ‘असंल’वर ये.”

मामा निवृत्त होऊन गावी गेले. मी आता महाविद्यालयात इतिहास शिकवतो. फी त्यांनी कधी घेतली नाही; दिली ती एकदा चहाची, तीही त्यांनी दुसऱ्या रविवारी फेडून टाकली. माझे विद्यार्थी प्रकल्पात मोठ्या दिमाखात ‘इट वॉज’ लिहितात. लाल पेनानं मी शेजारी मराठीतच लिहितो, ‘असंल, का असावं?’ हे कुठल्या व्याकरणात आहे, असं मुलं विचारतात. मी त्यांना रविवारी सोनेरी महालात घेऊन जातो आणि म्हणतो, दोन्ही पाट्या वाचा. इंग्रजीत तेवढंच आहे, का काही जास्तीचं?