शंभराच्या स्टँपवरचा विश्वास

६ फेब्रुवारी २०२४ ला संध्याकाळी निवडणूक आयोगाचा निकाल आला. राष्ट्रवादी काँग्रेस हे नाव आणि घड्याळ हे चिन्ह अजितदादा पवारांच्या गटाला मिळालं. आमच्या घरात टीव्हीपुढे तेव्हा भरपूर माणसं होती. दिराने टाळी वाजवली, पुतण्या उठून बाहेर गेला. नाव आणि चिन्ह कोणाला गेलं याचा मला धक्का बसला नाही. बसला तो पुढचं कारण ऐकून. खरा पक्ष कोणाचा, हे ठरवताना आयोगाने आमदार-खासदार कोणाच्या बाजूला जास्त आहेत एवढंच धरलं. संघटनेत बहुमत कोणाचं, ही कसोटी भरवशाची ठरत नाही म्हणून बाजूला ठेवली.

संघटना म्हणजे आम्ही. चिठ्ठ्या वाटणारे, सतरंज्या घालणारे, बूथवर दिवसभर बसणारे, बायकांना घराबाहेर काढून रांगेत उभं करणारे. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आमच्याकडून दोन्ही बाजूंनी गठ्ठ्यांनी प्रतिज्ञापत्रं भरून घेतली होती, आणि शेवटी त्यांचं वजन काहीच नव्हतं. त्यानंतर २०२४ मध्येच दोन निवडणुका होऊन गेल्या, तरी मला ही गोष्ट विसरता येत नाही.

मागचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. २ मे २०२३ ला मुंबईत यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये पुस्तकाच्या प्रकाशनात साहेबांनी, म्हणजे शरद पवारांनी, अध्यक्षपद सोडतो म्हणून जाहीर केलं. सभागृहात रडारड झाली. ५ मेला पक्षाच्या समितीने राजीनामा नामंजूर केला आणि साहेबांनी तो मागे घेतला. १० जूनला साहेबांच्या कन्या सुप्रियाताई आणि प्रफुल्ल पटेल कार्याध्यक्ष झाले. २ जुलैला साहेबांचे पुतणे अजितदादा आणि आणखी आठ जण राजभवनात शपथ घेऊन सरकारात गेले. ५ जुलैला मुंबईत दोन सभा झाल्या, वांद्र्याला दादांची आणि चव्हाण सेंटरला साहेबांची. दादांनी भर सभेत साहेबांचं वय काढलं, आता थांबणार की नाही असं विचारलं. अध्यक्ष म्हणून दादांची निवड ३० जूनलाच झाली होती, असं त्यांच्या गटाने आयोगाला कळवलं होतं. म्हणजे अध्यक्ष बदलला आणि पक्षात राबणाऱ्या माणसाला ते नंतर पेपरात वाचायला मिळालं.

माझं माहेर बारामती तालुक्यातलं, सुप्याकडच्या जिरायत पट्ट्यातलं. सासर इंदापूर तालुक्यात, भवानीनगरजवळ, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर. आमचा ऊस छत्रपती कारखान्याला जातो. एक पाळी मी ग्रामपंचायत सदस्य होते, महिला आघाडीचं काम त्याहून जुनं. त्यामुळे कागद घेऊन येणारी माणसं आमच्या ओसरीवर येणार हे ठरलेलंच होतं.

पहिला माणूस आला तेव्हा मी भांगलणीच्या बायकांचा हिशेब करत बसले होते. त्याच्याकडे शंभराचे स्टँप होते, त्यावर मजकूर छापलेला, माझं नाव छापलेलं, पदसुद्धा. मी फक्त सही करायची, फोटो द्यायचा आणि आधारची झेरॉक्स जोडायची. वाचायला घेतलं तर म्हणाला, "ताई, त्यात वाचायचं काय? सगळ्यांनी केल्यात." तरी मी वाचलं. मी शपथेवर सांगते की अध्यक्ष म्हणून अमुक यांच्यावर माझा संपूर्ण विश्वास आहे, असा त्याचा अर्थ. मी विचारलं, "विश्वास आहे, पण त्यांनी जे केलं ते पटलं नाही, असं असेल तर कुठं लिहायचं?" तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नव्हते. माझ्यासारख्या कितीतरी जणांचं तेव्हा तेच म्हणणं होतं, आणि त्या कागदावर त्याला जागा नव्हती.

काही दिवसांनी दुसऱ्या बाजूचे आले. दोघं होते, एक तर आमच्याच भावकीतला. स्टँप तसाच, मजकूर जवळजवळ तोच, नाव तेवढं वेगळं. आमच्या आसपास काही जणांनी दोन्हीकडे सह्या केल्या. त्यांना मी नावं ठेवणार नाही. एकाचा मुलगा सोसायटीत कामाला, दुसऱ्याच्या उसाची तोड अडलेली. दारात आलेल्या माणसाला, ज्याच्याशी उद्या काम पडणार आहे त्याला, तोंडावर नाही म्हणणं गावात सोपं नसतं.

मग ती यादी. कोणत्या गटाची ते इथे लिहीत नाही, कारण दोन्हीकडे असे प्रकार झाल्याचे आरोप तेव्हा होत होते. त्या यादीवर मी सहज बोट फिरवत होते आणि माझ्या सासऱ्यांचं नाव दिसलं. पूर्ण नाव, आमच्याच घराचा पत्ता, पुढे 'क्रियाशील सदस्य'. सासरे वारले त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. आणि ते जिवंत असते तरी त्यांनी त्या कागदाला हात लावला नसता. ते आयुष्यभर शंकरराव पाटलांच्या काँग्रेसमधले, पुढे हर्षवर्धनभाऊ पाटलांच्या मागे. १९९९ ला राष्ट्रवादी निघाली तेव्हा आमच्या घरात उभी फूट पडली होती, मी आणि दीर इकडे, सासरे तिकडे. मतदानाच्या दिवशी ते आमच्याशी बोलत नसत. संध्याकाळी जेवायला मात्र एकत्र बसायचे. त्या माणसाने एकदाही घड्याळाला मत दिलं नव्हतं, आणि मेल्यावर त्याला घड्याळाच्या पक्षाचा सदस्य करून त्याच्या नावाने विश्वास नोंदवायला निघाले होते.

मी ते नाव खोडायला लावलं. समोरचा माणूस म्हणाला, "चुकून आलं असेल, वहिनी." चुकून कसं येईल? पत्ता बरोबर, वडिलांचं नाव बरोबर. मतदार यादी समोर ठेवून कोणीतरी उतरवून काढलं होतं. त्या दिवशी सासूबाई आत चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं असावं, पण बाहेर आल्या नाहीत, पुढे कधी विषयही काढला नाही. मी दोन्हीकडचा एकही कागद सही करून दिला नाही. त्यानंतर तालुक्याच्या बैठकीला मला कोणीच बोलावलं नाही, ना या बाजूने, ना त्या.

ही सगळी स्टँपची धावपळ का करावी लागते, हे मला आमच्या गावातल्या एका वकिलांनी समजावलं. १९८५ ला पक्षांतरबंदीचा कायदा आला. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाटही बंद झाली. आता फुटणाऱ्याला 'आम्ही फुटलो' म्हणण्याची सोयच नाही. त्याला म्हणावं लागतं की आम्हीच मूळ पक्ष, तेच बाहेरचे. ते आयोगापुढे सिद्ध करायचं, म्हणून कागद. आधी शिवसेनेत झालं, मग आमच्यात.

१९७८ ला असलं काही नव्हतं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. त्या वर्षी फेब्रुवारीच्या निवडणुकीत कोणालाच बहुमत नव्हतं. फुटलेल्या दोन्ही काँग्रेसनी मिळून सरकार केलं, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. दोन्ही काँग्रेसचं रोजचं भांडण, तिरपुडे यशवंतराव चव्हाणांवर जाहीर टीका करायचे, आणि सरकार लोकांच्या मनातून उतरत चाललं होतं. जुलैत उद्योगमंत्री शरदराव पवार बाहेर पडले, बरोबर सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके, दत्ता मेघे. अधिवेशन चालू असताना सरकार पडलं. १८ जुलैला शरदराव जनता पक्षाला बरोबर घेऊन मुख्यमंत्री झाले. चाळिशीही गाठली नव्हती त्यांनी.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती बातमी रेडिओवर ऐकली आणि गुळाची ढेप फोडून आळीभर वाटली. बारामतीचा मुख्यमंत्री! आमच्या कोरड्या गावाला तेव्हा प्यायचं पाणी नव्हतं, आणि आता ते येणार असं प्रत्येकाला वाटलं. वसंतदादांच्या पाठीत खंजीर खुपसला असं लोक बोलायला लागले तेव्हा अण्णा चिडायचे. म्हणायचे, सरकार चालत नव्हतं, कुणीतरी ते मोडायलाच हवं होतं. म्हातारपणी मात्र एकदा माझ्याशी बोलताना म्हणाले, "वसंतदादांच्या सांगलीतल्या कार्यकर्त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली का, हे आपण कधी विचारलं नाही." तेवढंच म्हणाले. पुढे लगेच बैलाच्या खुराकडे वळले.

२ जुलै २०२३ ला माझा भाऊ माहेरच्या घरात टीव्ही बंद करून बसला होता. मी फोन केला तर म्हणाला, "घरातल्या माणसानं असं करावं?" मी त्याला १९७८ ची आठवण दिली. तो म्हणाला, ते वेगळं होतं. मला ते तितकं वेगळं वाटत नाही. तेव्हाही ठरवलं आमदारांनी, आणि कार्यकर्त्याला रेडिओवरून कळलं. फरक एवढाच की तेव्हा जिंकलेले आम्ही होतो.

माझं म्हणणं असं की नेत्याला आव्हान देणं हा गुन्हा नाही. ते द्यायची वाटच आमच्या पक्षांमध्ये नाही, ही खरी अडचण आहे. आमच्या छत्रपती कारखान्याच्या सभासदाला संचालक निवडायला गुप्त मतदान मिळतं. ग्रामपंचायतीत सरपंचावर अविश्वास आणता येतो, मी स्वतः त्या बैठकीत बसलेली आहे. इंग्लंडात १९९० मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान असताना त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी मत दिलं. त्यांना २०४ मतं पडली, आव्हान देणाऱ्याला १५२. जिंकूनही नियमाप्रमाणे लागतं तेवढं अंतर पडलं नाही, आणि काही दिवसांत त्यांनी पद सोडलं. २०२२ च्या जूनमध्ये बोरिस जॉन्सन तसेच २११ विरुद्ध १४८ ने वाचले आणि महिनाभरानंतर त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. तिथेही कारस्थानं होत असतील, माणसं तीच. पण मतपेटी तरी ठेवतात. घरातलं माणूस फोडून, रात्रीतून गाड्या हलवून, सकाळी शपथ घेऊन कोणाला नेता ठरवावं लागत नाही. आपल्याकडे बहुतेक पक्षांत अध्यक्षाची निवडणूक म्हणजे हात वर करणं. तरुण पोरं पोरी मला विचारतात, राजकारणात यावं का. मी सांगते, या, पण पहिल्याच बैठकीत विचारा की इथे अध्यक्ष कोण निवडतं आणि कसं. उत्तर देताना कोण कोणाकडे बघतं ते नीट पाहा.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान, सुप्रियाताई विरुद्ध दादांच्या पत्नी सुनेत्रावहिनी. गावात लोक उघड बोलत नव्हते. 'लोकसभेला ताई, विधानसभेला दादा' हे मात्र पारावर, डेअरीवर, पिठाच्या गिरणीत सगळीकडे ऐकू यायचं. ४ जूनला ताई १ लाख ५८ हजार ३३३ मतांनी निवडून आल्या, खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रात जवळपास ४८ हजारांची आघाडी. नोव्हेंबरात त्याच बारामतीने दादांना पुतण्या युगेंद्र यांच्याविरुद्ध १ लाख ८९९ मतांनी निवडून दिलं. बाहेरचे याला दुटप्पीपणा म्हणतात. लोकांना पक्षात जे विचारलं गेलं नाही, त्याचं उत्तर त्यांनी पेटीतून दिलं, तेही दोन वेळा, दोन माणसांना वेगवेगळं. मला त्यात काही खोट दिसत नाही.

इंदापुरात तर आणखी उलटंपालटं. लोकसभेला हर्षवर्धनभाऊ भाजपमध्ये, म्हणजे वहिनींच्या बाजूला. ऑक्टोबरात त्यांनी इंदापुरातच साहेबांच्या हजेरीत त्यांच्या पक्षाची तुतारी हाती घेतली. वर्षानुवर्षं ज्यांच्याविरुद्ध आम्ही बूथवर बसलो, ते आता साहेबांचे उमेदवार, आणि दत्तामामा भरणे दादांकडून. मामा एकोणीस हजारांवर मतांनी निवडून आले. ऑक्टोबरच्या त्या सभेला मी गेले होते. सासरे असते तर त्या मांडवात ते पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसले असते, हे मनात आलं आणि भाषणातलं पुढचं काही ऐकू आलं नाही.

विधानसभेच्या निकालानंतर भाऊ दिवाळीचं राहिलेलं ताट घेऊन आला होता. जेवताना त्याने सरळ विचारलं, "२०२३ च्या मे महिन्यात साहेबांनी राजीनामा दिला तेव्हा तुला मत द्यायला लावलं असतं, तर कोणाला दिलं असतंस?" त्या दिवशी टीव्हीपुढे मीही रडले होते, राजीनामा मागे घ्या म्हणून हात जोडले होते, हे त्याने पाहिलेलं होतं. मी म्हणाले, दादांना. साहेब ८२ वर्षांचे होते, स्वतःहून सोडत होते, दादा रोज पहाटेपासून कामाला उभे. समितीने त्या दिवशी राजीनामा नामंजूर करण्याऐवजी आमच्यापुढे पेटी ठेवली असती तर मी दादांनाच मत दिलं असतं. आणि २ जुलैला त्यांनी ज्या वाटेने पक्ष घेतला, त्यासाठी लोकसभेला ताईंना दिलं. भाऊ म्हणाला, तुझं काही ठरत नाही. मी म्हणाले, माझं ठरलेलं आहे, मला कोणी विचारलं नव्हतं. त्याला ते पटलं नाही. साहेबांनी राहायलाच हवं होतं, यावर तो ठाम आहे, आणि आमचा वाद त्या दिवशी हात धुवेपर्यंत चालला.