बळ आणि चिवटपणा

बळकट वस्तु चिवट असतेच असें नाहीं. हा भेद मी वर्गांत आवर्जून सांगतों. इंग्लंडांतील रोल्स-रॉइस कंपनीनें कार्बनच्या तंतूंचे थर राळेनें सांधून विमानाच्या इंजिनाचीं पातीं घडविलीं. तीं हलकीं व बळकट होतीं. परंतु १९७० सालीं पक्ष्याच्या आघाताच्या परीक्षेंत फुटलीं. त्या इंजिनाच्या खर्चाखालीं १९७१ सालीं कंपनीचें दिवाळें निघालें. राळ ठिसूळ असली, कीं आघातानें थर सुटतात. पुढें राळेंत रबराचे किंवा मऊ प्लास्टिकचे सूक्ष्म कण मिसळूं लागले. तडा तेथें अडखळतो, त्याचा जोर तेथेंच खर्ची पडतो. चिवट राळेचीं, टायटॅनियमची कड लाविलेलीं पातीं १९९५ पासून कांहीं बोइंग ७७७ विमानांच्या इंजिनांत फिरत आहेत. विद्यार्थिमित्रहो, एका अपयशानें खचणारीं हुशार मुलें पाहिलीं, कीं मला वाटतें, बुद्धीच्या बळकट तंतूंनाही असा थोडा मऊपणा हवा.