दुसरी प्रत दुसऱ्या घरात

घरच्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क घ्यायची म्हटलं की आपण विचारतो, किती टीबीची? मग, कुठल्या कंपनीची? मला वाटतं खरा प्रश्न तिसराच आहे: ही डिस्क उद्या बंद पडली, तर परत न मिळणारं असं काय जाईल?

माझी यादी छोटी आहे. सिनेमे, गाणी गेली तर जाऊ द्या, पुन्हा मिळतील. पण आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या? कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आहेत. दीड तासाचा आवाज, जेमतेम एक जीबी. आई आता नाही, आणि कॅसेटची फीतही चिकटली आहे.

पीटर क्रोघ नावाच्या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ असा एक नियम आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. कंटाळा येतो तो त्या शेवटच्या एकाचा. शिवाय आम्हा नागपूरकरांना धाक उन्हाचा, पाण्याचा नाही. पण २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतून पाणी थेट घरात शिरलं. अशा वेळी तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क, पाण्याला दोन्ही सारखेच! २०११ साली थायलंडच्या पुरात तर हार्ड डिस्कचे कारखानेच बुडाले आणि जगभर डिस्क महागल्या.

आपल्या विदर्भाला हा धडा जुना आहे. म्हाइंभटांनी लिहिलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. पण मजकूर अनेकांच्या तोंडी होता. त्या आठवणींवरून तो पुन्हा लिहिला गेला, मठामठांतून त्याच्या नकला झाल्या. पुढे नागपूरच्या वि. भि. कोलत्यांनी संपादन केलं ते अशाच पोथ्यांवरून. ग्रंथ वाचला, कारण तो एकाच ठिकाणी नव्हता.

असो. माझी व्यवस्था साधी आहे. रोजचं काम कॉम्प्युटरमधल्या एसएसडीवर. दर रविवारी बाहेरची हार्ड डिस्क जोडायची, नक्कल करायची आणि वायर काढून ठेवायची. जोडलेलीच राहिली, तर फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस तिलाही सोडत नाही. दोन डिस्कवर एकदम लिहिणारी सोय म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं. कपाटात ठेवायला एसएसडी नको. विजेवाचून तिच्यातला चार्ज हळूहळू उतरतो, आणि उष्णतेत अधिक लवकर. आमचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे!

दुसरी डिस्क अमरावतीला ताईकडे असते. दिवाळीत आणि उन्हाळ्यात अदलाबदल. ओव्या तेवढ्या क्लाउडवरही आहेत.

एक मात्र करा: नक्कल अधूनमधून उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा. हे काम मी ताईवर सोपवलंय. मागच्या खेपेला तिने सगळं ऐकून फोन केला. म्हणाली, "अरे, शेवटची ओवी अर्धीच आहे."

कॅसेटची बाजू तिथेच संपली होती.

"पुढची मला पाठ आहे," ताई म्हणाली.

या दिवाळीला रेकॉर्डर घेऊन जाणार आहे.