अर्धा मार्क

आठवीच्या इंग्रजीच्या चाचणीत रिकाम्या जागा होत्या. 'युनिव्हर्सिटी'च्या आधी मी 'अ' लिहिलं. सरांनी लाल पेनाने ते खोडून 'ॲन' केलं आणि अर्धा मार्क कापला.

मी उठून कारण विचारलं. सर म्हणाले, "ए, ई, आय, ओ, यू. यू स्वर आहे की नाही?" आहे. "मग ॲन." मी म्हटलं, "पण सर, 'ॲनयुनिव्हर्सिटी' कोणी म्हणत नाही." वर्ग हसला. सरांना वाटलं, मी त्यांची टर उडवतोय. तास संपेपर्यंत उभं केलं. गंमत म्हणजे त्याच पेपरात 'अवर'च्या आधी 'ॲन' बरोबर होतं, स्पेलिंग तर एच या व्यंजनाने सुरू होतं! तो म्हणे अपवाद, पाठ करायचा. नियम वेगळा, अपवादांची यादी वेगळी, आणि कान फक्त पिरगाळायला.

खरं तर नियम अक्षराचा नाहीच, उच्चाराचा आहे. आणि मराठी माध्यमाच्या पोराला तो फुकट मिळालाय. शब्द देवनागरीत लिहा. युनिफॉर्म, युरोपियन, वन-वे: सुरुवातीला य, व, म्हणून 'अ'. अवर, ऑनेस्ट, एमएलए: सुरुवातीला स्वर, म्हणून 'ॲन'. अपवाद उरतच नाही. हे एकाही शिक्षकाने फळ्यावर लिहू नये? 'द' कुठे लावायचा हे मात्र मला आजही कोणी विचारू नये. तिथे देवनागरी कामाला येत नाही.

पुढे कधीतरी अमेरिकेची १७८७ची राज्यघटना चाळत होतो. काँग्रेसच्या अधिकारांच्या यादीत, नागरिकत्वाच्या नियमाबद्दल चक्क 'ॲन युनिफॉर्म रूल' लिहिलेलं! त्या काळी 'यू'च्या आधी 'ॲन' सर्रास चालायचं. म्हणजे आमचे सर फिलाडेल्फियात पास झाले असते. मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. ती फार टिकली नाही. सरांनी राज्यघटना वाचून मार्क कापला नव्हता, आणि माझी चाचणी १७८७ साली नव्हती.

परवा भाचीला ही देवनागरीची युक्ती मोठ्या उत्साहाने सांगितली. ती इंग्रजी माध्यमात, पाचवीला. म्हणाली, "मामा, पण 'यु' लिहायचा कसा? ऱ्हस्व की दीर्घ?"