चुंबक जिथे चिकटलं नाही

आमची पद्मिनी पांढरी. मला कळायला लागल्यापासून पांढरीच. बाबांनी ती १९८६ साली नंबर लावून, वाट बघून, नवी कोरी घेतली, ही गोष्ट आमच्या घरात सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगितली जायची. मामालोक आले की हमखास.

२०१८च्या जुलैत नालासोपाऱ्यात पाणी भरलं तेव्हा ती सीटपर्यंत बुडाली आणि मग ताडपत्रीखाली गेली. वसईची खारी हवा तशीही पत्र्याला सुखाने जगू देत नाही. गेल्या वर्षी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. स्वच्छ दिसायला लागल्यावर त्यांनी पहिली मागणी केली, "गाडी होती तशी करून दे."

होती तशी म्हणजे कशी? मी म्हटलं, कंपनीतून निघाली तशी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून.

वालीवच्या बाजूला एक पेंटरचाचा आहेत. त्यांनी आधी माझ्या हातातून शेड कार्ड काढून घेतलं. "बाहर मत देख." बाहेरचा रंग उन्हाने उडतो, पॉलिशने झिजतो, आणि दुसऱ्यांदा रंगवणारा दिसेल तेवढंच रंगवतो. मूळ रंग सापडतो तो कोणी बघत नाही तिथे. डॅशबोर्डच्या खाली, दाराच्या आतल्या पॅनलमागे, डिकीच्या रबराखाली, बिजागरीच्या पोटात. तिथे ओला पॉलिश पेपर घेऊन हळूहळू घासायचं, रुपयाच्या नाण्याएवढं. थर कापलेल्या कांद्यासारखे वर्तुळावर वर्तुळ दिसायला लागतात. सगळ्यात खालचा थर म्हणजे मूळ रंग नव्हे, तो प्रायमर. आणि एका जागेवर विसंबायचं नाही, कारण दार कधीतरी बदललेलं असू शकतं. चार-पाच ठिकाणचे थर जुळले तरच मानायचं.

नट-बोल्टचंही तसंच. माझा प्लेटिंगवाला सगळं क्रोम करून द्यायला टपलेला होता. जुन्या गाड्यांची सगळ्यात जास्त नासाडी या चकचकाटाच्या हौसेने होते, असं माझं मत झालंय. वॉशर काढला तर खालच्या गोलात बोल्टची मूळ पिवळसर झाक जशीच्या तशी होती. जस्ताच्या मुलाम्यावर क्रोमेटचा हात दिला की ती येते. काही बोल्ट मात्र मुळातच काळे, फॉस्फेट करून तेलात बुडवलेले. कार्ब्युरेटरचं ओतीव अॅल्युमिनियम मंदच दिसलं पाहिजे, आरशासारखं नाही. प्रत्येक बोल्ट कुठून काढला ते लिहून मी पिशव्या भरल्या. त्यात दोन महिने गेले, आणि खरं सांगायचं तर मजेत गेले.

मग मी मागच्या दाराची बिजागरी घासली. पांढरा. प्रायमर. काळा.

छताच्या कडेला घासलं. पांढरा. प्रायमर. पिवळा.

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं चुंबक घेतलं आणि पुढच्या डाव्या बाजूवरून फिरवायला लागले. एका जागी ते चिकटेना, घसरलं. पत्र्याऐवजी पुट्टी. खरवडली तर बुजवलेली भोकं. "यहाँ मीटर था."

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा मीटर बाहेर, पुढच्या डाव्या अंगाला असायचा. शेवटची अशी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तेव्हा मी हळहळून स्टेटस ठेवलेलं. आमच्याच दारात एक उभी होती.

काळ्याच्या खाली अजून एक थर निघाला, क्रीम. पाचही ठिकाणी तोच, प्रायमरला लागून. क्रीम आणि काळ्याच्या मध्ये ना गंज, ना पुट्टी. म्हणजे कंपनीतून क्रीम निघाली आणि नवी असतानाच टॅक्सी झाली, असा चाचांचा हिशेब.

मी फोटो काढून घरी नेले. बाबांनी ओट्यावर बसून फोन डोळ्यांजवळ घेतला, बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला. बराच वेळ. मग म्हणाले, "तुझ्या मामांना बोलू नकोस."

"मामांचं काय घेऊन बसलात?" आई आतून म्हणाली. "मागच्या दाराचं वरचं रबर सुटून लोंबत होतं, तिथे पिवळं दिसत होतं. पहिल्याच दिवशी. मीच ते दाबून बसवलं."

बाबांनी तिच्याकडे बघितलंच नाही. एकतीस-बत्तीस वर्षं दोघं त्या गाडीतून मामांकडे जात होते.

दुसऱ्या दिवशी मी क्रीमची बाजू मांडली. मूळ फिनिश क्रीम, पुरावा पक्का. बाबा ऐकून घेत होते. "त्या रंगात आपल्यातल्या कोणी बघितलीय का तिला?" त्यांनी विचारलं. "पांढरीच कर." मी दोन दिवस भांडलो. बोल्ट, कार्ब्युरेटर आणि डॅशबोर्डखालचं क्रीम तेवढं माझ्या वाट्याला आलं.

पण कुठला पांढरा? बाहेरचा तर पिवळट पडलेला, आणि बाबांनी तेव्हा तो कुठे मिसळून घेतला ते त्यांना आठवेना. शेवटी डिकीवरचा आई जीवदानीचा स्टिकर चाचांनी ड्रायरने गरम करून हळूच सोडवला. खाली हातभर जागेत रंग तसाच होता, किंचित निळसर पांढरा. चाचांनी शेड कार्ड उघडून त्याला लावलं आणि बाबांना हाक मारली.