साडेबारा हजार किलोमीटर आणि एक तास

"अरे, हे न्यूयॉर्क म्हणजे नक्की किती लांब?" असं आईनं २०२३च्या मे महिन्यात विचारलं. धाकट्याकडे सहा महिने राहायला निघाली होती, तेही एकटीच. "बरंच लांब," म्हणून मोकळा झालो असतो तर निभावलं असतं. पण बँकेत वीस-बावीस वर्षं घालवलेल्या माणसाला 'बरंच' हा आकडा लिहवत नाही.

मी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली. रेघ अरबस्तानातून निघाली ती सहारा वाळवंट, अटलांटिक महासागर करत न्यूयॉर्कला पोचली. आमचे चिरंजीव हसले. त्यांनी पृथ्वीचा गोल आणला, आजीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि दोन्ही गावांवर ताणून धरला. दोरा सहाराकडे फिरकलाच नाही! रशिया, फिनलंड, स्वीडन करत आइसलंडवर चढला आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी खाली वळला. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. माझ्या सरळ रेघेपेक्षा दीड हजारानं कमी. वाकडा रस्ता जवळचा असतो, हे बढतीच्या बाबतीत मला माहीत होतं. भूगोलातही तेच चालतं, हे नवीन.

"म्हणजे किती वेळ?" आई.

तिकीट पाहिलं. मुंबईहून रात्री १.३० ला सुटायचं, त्याच दिवशी सकाळी ८ ला पोचायचं. साडेसहा तास! कोल्हापूरला एस्टीनंसुद्धा याहून जास्त लागतात. नोव्हेंबरअखेरचं परतीचं तिकीट मात्र सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० ला उतरवत होतं. साडेपंचवीस तास.

"येताना चढ आहे का रे?" आईनं विचारलं.

मग मी कागद घेतला. आपलं घड्याळ साडेनऊ तास पुढे. जाताना ते मिळवायचे, येताना वजा करायचे. जायला सोळा, यायलाही सोळा. पण फोनवर धाकटा म्हणाला, "येताना पंधराच. वर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा असतो, तो विमानाला ढकलतो." म्हणजे एका तासाचा फरक! तेरा रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत शाखेत बसलेला माणूस मी. मला झोप येते होय? बारा वाजता सापडला. ५ नोव्हेंबरला अमेरिकेतले लोक आपापली घड्याळं तासभर मागे घेणार होते. मग फरक साडेदहाचा. ताळा जुळला!

सकाळी चहाबरोबर मी हे सगळं आईला समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबांच्या वेळी किती तास लागले होते रे त्याला?"

तेव्हा त्याला सरळ विमान मिळालं नव्हतं. दोन ठिकाणी बदलत आला तो तिसऱ्या दिवशी, अस्थी गोळा करायला. मी कागद घडी करून खिशात टाकला. गोल चिरंजीवांनी परत कपाटावर ठेवला.

आई गेली. ठरल्या दिवशी फोन आला.

"पोचले रे. साडेपाच वाजले."

"अगं, तिथे सकाळचे आठ वाजलेत!"

"त्यांचे वाजले असतील. दीडला बसले, साडेपाचला उतरले. सोळा तास. तू उगीच रात्रभर जागलास."

"घड्याळ फिरवलं नाहीस?"

"फिरवणारही नाही. तुम्ही जेवलात की नाही, मला कळायला नको?"