कुकडीचे रांजण, घोडनदीचा गाळ

शिरूरहून टाकळी हाजीकडे जाताना कुकडी जवळ आल्याचं कळतच नाही. सपाट माळ आणि मग एकदम काळ्या पाषाणात चिरलेली घळ. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे अहिल्यानगरातलं निघोज. मळगंगा देवी मात्र दोन्ही काठांची.

उन्हाळ्यात पात्रात उतरता येतं. एका रांजणखळग्याच्या आतून हात फिरवला. भिंत तुळतुळीत, तळाच्या हिरवट पाण्यात घोटून गोल झालेले चार-पाच गोटे. कारागीर हेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना दगडात भेगा आणि पोकळ्या राहिल्या. पुराच्या लोंढ्याने तिथे भोवरा धरला, त्यात गोटे अडकले आणि जात्यासारखे गरगरत राहिले. खळगा खोल होत गेला. शेजारच्या खळग्याशी असलेली भिंत झिजून फुटली की दोघांचा एक होतो. असे खळगे जोडत जोडतच नदीने ही घळ खाली नेली. हे एरवीच्या संथ धारेचं काम नव्हे. पाण्याचा वेग वाढला की दगड ढकलण्याची त्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते. म्हणून पुराचे मोजके दिवस बाकीच्या साऱ्या वर्षाला भारी पडतात. आता वर माणिकडोह आणि येडगावची धरणं आहेत. पूर पूर्वीसारखा मोकळा सुटत नाही.

पण खरवडलेलं सगळं गेलं कुठे? ते पाहायला मी शिरूरच्या खाली इनामगावला गेलो. कुकडीला पोटात घेणाऱ्या घोडनदीच्या काठचं हे गाव. इथल्या गाळाच्या जमिनीवर इ.स.पू. १६०० च्या सुमारास शेतकरी येऊन राहिले. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून इथे उत्खनन केलं, तेव्हा घरं सापडली, जव सापडले; घरातल्या जमिनीखाली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुलं सापडली. पोटची पोरं जिथे पुरली ती जागा पुराच्या भीतीने सोडायची कशी? मला वाटतं, म्हणूनच त्यांनी एवढा खटाटोप केला असावा: पूर थोपवायला दगडमातीचा लांबलचक बांध घातला आणि पाणी खेळवायला पाटही काढला.

इ.स.पू. ७०० च्या सुमारास ही वस्ती उठली. त्याआधी ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या होत्या. उत्खनन करणारे म. के. ढवळीकर यांनी त्याचा दोष पुराला दिला नाही. त्यांच्या मते पाऊसच कमी होत गेला होता.